डाव्या कुशीवर

आतेच्या छातीवर डोकं टेकलं की तो आवाज आधी गालाला कळायचा, कानाला मागाहून. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ, त्याला चिकटलेला चुलीच्या धुराचा वास, फाल्गुन-चैत्र असेल तर केसांतल्या सुरंगीच्या वळेसराचा दाट, जड सुगंध, आणि या सगळ्याच्या तळाशी, फार खोल, ते चाललेलं असायचं. आधी एक ठसठशीत ठोका. मग जरा हलका दुसरा. त्याच्या पाठीला लागून एक बारीकशी टिचकी, आणि मग पुढचा ठोका येईपर्यंतच्या मोकळ्या जागेत खालच्या पट्टीतली एक लांब घरघर; पहाटे मागच्या पडवीत कुणी जातं ओढावं आणि माजघरात निजलेल्या पोराला ते जमिनीतून ऐकू यावं, तशी. अर्धा आवाज, अर्धा स्पर्श. तिचं बोट धरूनच मी झोपेत उतरायची.

आमचं घर देवबागचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधल्या माडांच्या चिंचोळ्या पट्टीवर माणसांची वस्ती. तिथे शांतता अशी कधी नसतेच. समुद्राची गाज रात्री वाढते, भरती-ओहोटीप्रमाणे तिचा पोत बदलतो. पावसाळ्यात तर कौलांवरचा पाऊस, झावळ्यांची सळसळ आणि लाटांचा मार यांत शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही धड ऐकू येत नाही. त्या सगळ्या गदारोळात आतेच्या छातीतलं दळण मला स्वच्छ ऐकू यायचं, कारण ते बाहेरच्या हवेतून येतच नव्हतं. एकदा मी तिला विचारलं, "आते, तुज्या भुतूर कोण दळता गे?" ती हसली. हसताना तिला नेहमी धाप लागायची, तशी लागली; ती ओसरल्यावर माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "तुकाच आयकाक येता ता. निज आता."

मला वाटायचं, सगळ्यांच्याच छातीत असं दळण चालतं. एकदा आईच्या कुशीत शिरून कान लावून बघितला, तर तिथे नुसते दोन ठोके. मधली जागा रिकामी. आईचं हृदय मला त्या रात्री फार उघडंबोडकं वाटलं होतं.

आते कधी आडवी निजायची नाही. भिंतीला दोन उशा लावून, अर्धी बसून झोपायची. पाठ टेकली की तिचा जीव घाबरा व्हायचा. मी हट्टच धरला तर मात्र घटकाभर डाव्या कुशीवर वळायची, आणि ती वळली की दळण एकदम जवळ यायचं. असं का, ते तेव्हा कोण सांगणार? कित्येक वर्षांनी एका दवाखान्यात एक वयस्क डॉक्टर तिला म्हणाले, "बाई, जरा डाव्या कुशीवर वळा," आणि मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. स्टेथोस्कोपची चपटी बाजू फिरवून लहान, खोलगट बाजू पुढे घेतली, ती तिच्या छातीला जेमतेम लागेल इतकीच हलके टेकवली, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. खूप वेळ. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघताना माझ्या मनात विचित्र कालवाकालव झाली. इतकी वर्षं जो आवाज एकट्या माझा होता, तो आता दुसऱ्या कुणाला ऐकू गेला होता. आणि त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप अरुंद झालेली. ती उघडताना अडते, ती टिचकी. त्या अरुंद वाटेतून रक्त रेटून जातं, ती घरघर. डाव्या कुशीवर वळलं की हृदयाचं टोक छातीच्या भिंतीशी येतं, म्हणून आवाज जवळ येतो. आणि या सगळ्याचं मूळ कुठे, तर दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या दुखऱ्या घशात. घसा बरा झाला, पण त्या जंतूंशी लढायला उठलेलं शरीर आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटलं. आजी सांगायची, आतेचा आधी गुडघा सुजला, मग घोटा, मग मनगट, आणि घरातल्यांनी वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून निरगुडीच्या पाल्याने शेकलं. सांधे बरे झाले. झडप मात्र आतल्या आत वर्षानुवर्षं चिकटत गेली, आणि ती चिकटण्याचा आवाज ऐकत ऐकत मी मोठी झाले.

तोवर कुणा डॉक्टरने तिची छाती तपासायला घेतली नव्हती असं नाही. तिनेच तपासू दिली नव्हती. धाप लागते म्हणून गोळ्या आणायची, पण पदर सरकवायचा म्हटलं की उठून चालू लागायची. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात 1816 साली रने लेनेक या डॉक्टरपुढे हाच पेच पडला होता. समोर हृदयविकाराची लक्षणं असलेली तरुण बाई, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्या छातीला थेट कान लावणं दोघांनाही अवघड. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं, आणि उघड्या कानाला आला असता त्याहून आवाज स्पष्ट आला. पुढे त्यांनी लाकडाची नळी केली. बासरी वाजवणारे लेनेक ती स्वतः कातायचे. छातीवर हात ठेवल्यावर तळव्याला लागणारी झडपेची थरथरही त्यांनी नोंदवली, आणि तिला मांजराच्या घुरघुरीची उपमा दिली. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या परक्या माणसाचा मला फार आधार वाटतो. माझ्या गालाला जे कळायचं, ते त्यांच्या तळहाताला कळलं होतं. आणि जीव हळहळतो तो याचा, की जो स्टेथोस्कोप संकोचातून जन्मला, त्याच्यापासून माझी आते संकोचापायीच इतकी वर्षं लांब राहिली.

मुंबईला नेऊन तिची झडप फुग्याने मोकळी करून घेतली. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, झडपेत फुगा फुगवतात, आणि चिकटलेल्या कडा सुट्या होतात. बघता बघता व्हावं असं ते काम. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन घ्यायचं ठरलं, तेही ती निमूट घेऊ लागली. घरी परतल्यावर पहिल्याच रात्री तिने एक उशी काढून बाजूला ठेवली. मग दुसरी. आणि सरळ आडवी झाली. मी तेव्हा चांगली मोठी झालेली, कॉलेजात जाणारी, तरी तिच्या शेजारी वाकळ अंथरून आडवी झाले आणि डोकं हळूच तिच्या छातीवर ठेवलं. घरघर उरली होती, पण लांब, तिसऱ्या घरात कुणी दळावं इतकी. ती गाढ झोपली होती. तिला अशी, पाठ टेकून, निवांत झोपलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यात आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता. जे जायलाच हवं होतं ते गेलं होतं, आणि तरी काहीतरी माझं गेलं होतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी ताल सुटला. ठोके आपल्याला वाटेल तसे पडू लागले, दोन जवळजवळ, मग एक लांब, मग घाईने तीन. हृदयाचा वरचा कप्पा ठोका देण्याऐवजी नुसता थरथरू लागला की असं होतं. ईसीजीच्या गुलाबी चौकटींच्या कागदावर डॉक्टरांनी मला ते दाखवलं होतं: प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक लहानशी लाट असायला हवी, ती कुठेच नव्हती, आणि टोकांमधली अंतरं एकाला एक जुळत नव्हती. अशा थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं. एका श्रावणात तिच्या अंगावरून वारं गेलं, आणि नंतर ती फार दिवस राहिली नाही. यापलीकडे मला त्याविषयी लिहवत नाही.

माझा भाचा पुण्यात असतो. हृदयाच्या नोंदी यंत्राला वाचायला शिकवणं, हे त्याचं काम. ते कळल्यापासून मी त्याला गाठून गाठून विचारत असते. त्याने मला सांगितलेल्या गोष्टींतली एक माझ्या मनातून जात नाही. बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात 1975 ते 1979 या काळात घेतलेल्या ईसीजींतून 47 माणसांच्या 48 नोंदी निवडल्या गेल्या, प्रत्येकी अर्ध्या तासाची. मग दोन हृदयतज्ज्ञांनी एकमेकांपासून वेगळं बसून त्यातला एकेक ठोका तपासला आणि एकेकावर खूण केली: हा नेहमीचा, हा वेळेआधी आलेला, हा खालच्या कप्प्यातून उठलेला. जिथे दोघांचं जुळलं नाही तिथे पुन्हा बसून एकमत केलं. अशा खुणा एक लाखाच्या वर आहेत, एक लाख दहा हजारांच्या आसपास. 1980पासून जगभरातली यंत्रं ठोक्यांची प्रतवारी शिकली ती मोठ्या प्रमाणात या संग्रहावर. मी सहज हिशेब केला. निरोगी हृदय दिवसभरात साधारण लाखभर ठोके देतं. म्हणजे इतक्या माणसांनी इतकी वर्षं खपून जे जमवलं, ते एका हृदयाच्या एका दिवसाएवढं. त्या नोंदी दिल्या तेव्हा त्यातले काहीजण नव्वदीकडे झुकलेले होते. आज त्यातलं कोण असेल, कोण नसेल. पण त्यांचा चुकलेला एकेक ठोका अजून कुणाला तरी शिकवतो आहे. हे मला फार मोठं पुण्य वाटतं.

आणि आवाजाचं? मी विचारलं. ईसीजी म्हणजे हृदयातली वीज. माझं नातं आवाजाशी. त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "मावशी, हे ऐक." मी कान देऊन बसले, पडद्यावर रेघ उठत-बसत होती, पण लॅपटॉपमधून काहीच येईना. "अगं, असं नाही ऐकू येणार," तो म्हणाला, "एवढ्याशा स्पीकरला इतका खालचा आवाज झेपत नाही," आणि त्याने मोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ठेवलेल्या संग्रहातलं, कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या छातीचं ते ध्वनिमुद्रण. ठसठशीत पहिला ठोका. हलका दुसरा. टिचकी. आणि मग…

मी हेडफोन काढले नाहीत. तो काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी त्याला हाताने थांबवलं आणि ते ध्वनिमुद्रण संपेपर्यंत ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. आतेचा आवाज कुणी कधी मुद्रित केला नाही. तिच्या बोलण्याचा नाही, गाण्याचा नाही, छातीतला तर नाहीच. तिच्या छातीची एकुलती एक नोंद माझ्या उजव्या कानात आहे आणि ती माझ्याबरोबर जाणार. म्हणून पडद्यावरच्या त्या परक्या हृदयाखाली लिहिलेलं 'अ‍ॅबनॉर्मल' वाचताना मला राग आला नाही, पण त्या शब्दाकडे मी बराच वेळ बघत राहिले. माझ्या बालपणात तोच तर नेहमीचा आवाज होता.

मग त्याने मला यंत्र काय करतं ते दाखवलं. आवाजाच्या रेघेवरून आधी खरखर बाजूला काढायची, अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर गाळायचे. मग सगळ्यांत अवघड काम: पहिला ठोका कुठला आणि दुसरा कुठला, हे ठरवायचं. दोन्ही रेघेत सारखेच दिसतात. यंत्र त्यांच्यामधल्या विरामांवरून ओळखतं. पहिल्यानंतरचा विराम आखूड, दुसऱ्यानंतरचा लांब. लहान मुलांचं हृदय जोरात चालतं तेव्हा दोन्ही विराम जवळजवळ सारखे होतात आणि यंत्र गोंधळतं. ठोक्यांच्या जागा एकदा पक्क्या झाल्या, की त्यांच्या मधल्या जागांत काय भरलंय ते बघायचं. त्यासाठी आवाजाचं चित्र काढतात. वेळ आडवी, स्वर उभा, जोर रंगात. आतेचं दळण त्या चित्रात कसं दिसलं असतं ते मी बघितलं: लांब विरामाच्या तळाला, पार खालच्या कडेला, एक मळकट पिवळा पट्टा. एवढंच. हृदय बोलतं ते ठोक्यांतून, असं आपण समजतो; आजार बोलतो तो मधल्या जागेतून.

हृदयाचे आवाज ओळखण्याची मोठी स्पर्धा 2016 साली झाली. इराण, चीन, डेन्मार्क, ग्रीस, अमेरिका अशा ठिकाणच्या संशोधकांनी जमवलेली तीन हजारांवर ध्वनिमुद्रणं त्यासाठी खुली केली होती, काही पाच सेकंदांची, काही दोन मिनिटांची. भाच्याने त्यातली बरीच ऐकवली. कुणाचा श्वास, कुणाच्या पोटातली गुरगुर, कपड्याची घासघास, मागे अगम्य भाषेत कुणीतरी बोलतंय. उत्तरं तीन ठेवली होती: ठीक, ठीक नाही, आणि तिसरं, गोंगाट फार, सांगता येत नाही. हे तिसरं उत्तर ठेवणाऱ्यांना मी मनोमन नमस्कार केला. ऐकू आलं नाही, असं म्हणायची मुभा यंत्रालाही हवी. पहिल्या आलेल्या पद्धतीने शंभर बिघडलेल्या हृदयांतली चौऱ्याण्णवच्या आसपास पकडली, आणि निरोगी शंभरांतल्या बावीस-तेविसांना उगाच बिघडलेलं म्हटलं. भाचा या दुसऱ्या आकड्याने खट्टू होता. मी नव्हते. निरोगी पोरीला उगाच शंका आली तर काय होतं? एक दिवस एसटीने ओरोसला जिल्हा रुग्णालयात जायचं, इको करायची, आईच्या जिवाला घोर, संध्याकाळी हसत घरी. आणि जी पकडली जात नाही, तिचं काय होतं ते मी बघितलं आहे. आमच्याकडून गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय लांब आहे. जिवावरचं दुखणं झालं की गाडी तेरेखोल ओलांडून तिकडेच धावते, आणि तोवर बहुतेकदा फार उशीर झालेला असतो.

एका गोष्टीची मात्र मला खरी धास्ती आहे. यंत्र ज्या ठिकाणच्या ध्वनिमुद्रणांवर शिकतं, त्या ठिकाणची सवय त्याला लागते. एखाद्या संग्रहात आजारी माणसं जास्त असली, तर हृदयाऐवजी तिथल्या उपकरणाची गुणगुणच ते आजार म्हणून पाठ करून बसू शकतं. मग आमच्या किनाऱ्यावर आणल्यावर ते काय ऐकणार? गाजेला घरघर म्हणेल, नाहीतर घरघरीला गाज म्हणून सोडून देईल. साधनं आहेत आता. 2020च्या कोविडकाळात पवईच्या आयआयटीतल्या तरुणांनी तयार केलेल्या स्टेथोस्कोपमधून छातीचा आवाज ब्लूटूथवरून दूर उभ्या डॉक्टरपर्यंत जातो, साठवता येतो, पाठवता येतो. गोव्यात लहान सरकारी दवाखान्यांतला ईसीजी काही मिनिटांत तज्ज्ञांपर्यंत पोचतो. हात पोचले आहेत. कान इथला हवा.

म्हणून मी भाच्याच्या मागे लागले आहे, की तुझी यंत्रं घेऊन ये आणि आमच्या शाळांतल्या पोरींची हृदयं ऐक. तो म्हणतो, दिवाळीनंतर येतो, हवा शांत असते. मी म्हटलं, आषाढात ये.

"मावशी, पावसात काय ऐकू येणार? निम्मी ध्वनिमुद्रणं फुकट जातील."

"जाऊ देत निम्मी. पोरींचे घसे तेव्हाच धरतात. आणि त्या राहतात त्याच पावसात, तुझ्या शांत हवेत नाही."

तो जरा गप्प झाला. मग त्याने वही काढली. पंधरा सेकंद पुरतील का, हा त्याचा प्रश्न. पूर्ण मिनिट घे म्हणून सांगितलं, सुटलेला ताल पंधरा सेकंदांत पकडला जाईलच असं नाही. छातीला यंत्र कोण लावणार, हे त्याने विचारलंच नव्हतं. तेच आधी ठरवायचं, मी म्हटलं. गावातली आशाताई लावेल, शाळेतल्या बाई शेजारी उभ्या राहतील, दाराला पडदा हवा, आणि पोरींना आदल्या दिवशी सगळं समजावून सांगायचं, नाहीतर अर्ध्या जणी त्या दिवशी शाळेतच येणार नाहीत. त्याने तेही लिहून घेतलं. सुरुवात कुठून करायची म्हणाला. देवबाग आणि तारकर्लीच्या शाळा आधी, मी सांगितलं. मग होडीने खाडीपलीकडे, कोरजाईला आणि भोगव्याला.